माघार, बसणे आणि आवरते घेणे



निवडणूक जवळ आली की जिल्ह्याच्या बैठकीत एक वाद हमखास निघतो. आपला उमेदवार निवडून येण्याचे लक्षण नाही, हे गावातल्या शेंबड्या पोरालाही दिसत असते. मग जीप फिरवायची का थांबवायची? वर्गणीतले उरलेले पैसे सभांमध्ये घालायचे का पुढच्या आंदोलनासाठी राखायचे? अर्धी बैठक म्हणते, लढायचे तर शेवटच्या मतापर्यंत. अर्धी म्हणते, घर जाळून कोळशाचा व्यापार कोणी सांगितला आहे? रात्री अकरापर्यंत आवाज चढतात आणि माणसे एकमेकांची तोंडे न पाहता घरी जातात.

घरचा वाद थंड डोक्याने बघता येत नाही. उमेदवार आपला, भांडणारेही आपलेच. म्हणून आज परमुलखातली गोष्ट घेऊ. तिथे आपला ना सोयरा ना सुतक, त्यामुळे हिशेब नीट मांडता येईल. हाच वाद अमेरिकेत २००८ साली आणि पुन्हा २०१२ साली झाला. राष्ट्राध्यक्षपदाचा एक कमजोर समजला गेलेला उमेदवार, त्याच्यामागे जीव टाकणारे कार्यकर्ते, आणि ऐन लढाईत त्याने प्रचार आवरता घेतलेला. उमेदवाराचे नाव डॉ. रॉन पॉल.

हा माणूस १९३५ सालचा. पेशाने बाळंतपणाचा डॉक्टर. टेक्सास राज्यात, समुद्रकाठच्या भागात त्याने चार हजारांवर बाळंतपणे केली आणि तिथूनच तो अनेकदा खासदार झाला. रिपब्लिकन पक्षाचा, पण पक्षाच्या ओळीत न चालणारा. सरकारने खर्च वाढवायचा ठराव आणला की हा विरोधात मत देणार. म्हणून त्याला 'डॉक्टर नो', म्हणजे 'नाही'वाला डॉक्टर, असे नाव पडले. २००२ साली इराकवरच्या लढाईला परवानगी देणारा ठराव आला, तेव्हा त्याच्या पक्षाच्या फक्त ६ खासदारांनी विरोधात मत दिले. त्यात हा एक होता. नोटा छापून महागाई वाढवणाऱ्या मध्यवर्ती बँकेच्या मागे तो हात धुऊन लागला होता. शेतीच्या सरकारी अनुदानालाही त्याचा विरोध. त्याच्या स्वतःच्या मतदारसंघात शेतकरी होते, तरीही.

ही शेवटची गोष्ट आपल्याला परकी नाही. अमेरिकेचे सरकार तिथल्या कापूसवाल्यांना अनुदान देते आणि त्यामुळे जगाच्या बाजारात कापसाचे भाव पडतात, ही तक्रार ब्राझीलने २००२ साली जागतिक व्यापार संघटनेकडे नेली. २००४ साली निकाल ब्राझीलच्या बाजूने लागला आणि प्रकरण मिटायला २०१४ साल उजाडले. म्हणजे तिकडच्या पार्लमेंटात हात वर होतो तेव्हा त्याची झळ इकडच्या पऱ्हाटीला लागू शकते. पण आजचा विषय अनुदानाचा नाही. लढाई अर्धी झाली असताना सेनापतीने फौज कमी केली, तर ते शहाणपण का दगा, हा आजचा विषय आहे.

आधी तिथली रीत समजून घेऊ. अमेरिकेत पक्षाचा उमेदवार दिल्लीसारख्या ठिकाणी बसून कोणी ठरवत नाही. एकेका राज्यात पक्षाचे मतदार मत देतात. त्या मतांवरून पक्षाच्या अधिवेशनाला जाणारे प्रतिनिधी ठरतात. ज्याच्याकडे निम्म्याहून जास्त प्रतिनिधी, तो पक्षाचा उमेदवार. २००८ साली रिपब्लिकन पक्षात त्यासाठी १,१९१ प्रतिनिधी लागत होते. राज्यांचे मतदान जानेवारीत सुरू होऊन जूनपर्यंत चालते. त्यामुळे निकाल दिसू लागला तरी निम्म्या राज्यांचे मतदान व्हायचे राहिलेले असते. सगळी भानगड इथेच होते.

२००७ च्या हिवाळ्यात डॉक्टरांच्या कार्यकर्त्यांनी कमाल केली. त्यांनी स्वतःच तारखा ठरवल्या आणि एकाच दिवशी सगळ्यांनी वर्गणी द्यायची असे ठरवले. ५ नोव्हेंबरला एका दिवसात ४० लाख डॉलरपेक्षा जास्त जमले. १६ डिसेंबरला ६० लाखांच्या वर गेले. १७७३ साली याच तारखेला बोस्टनच्या बंदरात इंग्रजांचा चहा समुद्रात फेकला होता, म्हणून हा दिवस निवडलेला. हे पैसे मुख्यतः लहान लहान रकमांनी आले. वर्षाच्या शेवटच्या तिमाहीत पक्षाच्या दुसऱ्या कोणत्याही उमेदवाराने एवढा निधी जमवला नाही. काही हौशी कार्यकर्त्यांनी तर निराळी वर्गणी काढून उमेदवाराचे नाव लिहिलेले वायूने फुगवलेले मोठे विमान आकाशात फिरवले. लोकांनी माना वर करून पाहिले. मते किती वाढली, ते विमानालाच ठाऊक.

कारण पेट्या उघडल्या तेव्हा चित्र वेगळे निघाले. आयोवात १० टक्के मते, न्यू हॅम्पशायरमध्ये ८ टक्के. नेवाडात दुसरा क्रमांक आला, पण मते १४ टक्क्यांच्या आसपास. ५ फेब्रुवारीला एकाच दिवशी २१ राज्यांत पक्षाचे मतदान झाले, त्यातले एकही राज्य हाती आले नाही. ७ फेब्रुवारीला मिट रॉम्नी यांनी मैदान सोडले आणि जॉन मॅकेन यांचा रस्ता मोकळा झाला.

दुसऱ्याच दिवशी, ८ फेब्रुवारी २००८ रोजी, डॉक्टरांनी कार्यकर्त्यांना पत्र लिहिले. त्याचा सारांश असा. रॉम्नी गेल्यामुळे अधिवेशनात कोणालाच बहुमत नाही आणि मग घासाघीस होईल, ही शक्यता जवळजवळ संपली. उरलेल्या राज्यांत आपण लढतच राहू, पण एवढ्या मोठ्या कचेरीची आणि एवढ्या पगारी माणसांची आता गरज नाही. शिवाय घरचा मतदारसंघ सांभाळायचा आहे. ४ मार्चला खासदारकीच्या तिकिटासाठी पक्षातलाच माणूस समोर उभा आहे. तिथे हरलो तर विरोधक म्हणतील, लोकांनी हा विचारच नाकारला. तिसऱ्या पक्षातर्फे उभे राहण्याचा विचार नाही.

पत्र पोचले आणि कार्यकर्त्यांत दोन तट पडले.

पहिला तट म्हणाला, हे आधी का सांगितले नाही? आम्ही पोटाला चिमटा घेऊन वर्गणी दिली ती राष्ट्राध्यक्षपदासाठी, खासदारकीसाठी नव्हे. तिजोरीत पैसे शिल्लक आहेत, मग ते प्रचारात का उतरत नाहीत? ज्या राज्यांचे मतदान अजून व्हायचे आहे तिथल्या कार्यकर्त्यांनी तोंड कोणाला दाखवायचे? काल दारोदार फिरून ज्यांना 'आमचाच माणूस' म्हणून सांगितले, ते आज विचारतात, तुमचा माणूस आहे ना अजून?

दुसरा तट म्हणाला, डोळे उघडा. गणित जुळत नाही ते ओरडून जुळणार नाही. घरची जागा गेली तर पार्लमेंटात हा विचार मांडणारे जे एक तोंड आहे तेही बंद होईल. पैसा वाचला तर उद्या कामाला येईल. नाव मतपत्रिकेवर आहेच, ज्याला मत द्यायचे त्याने द्यावे.

आता आमचे म्हणणे सांगतो.

कोरडवाहू शेतकऱ्याला हा प्रश्न पुस्तकातून शिकावा लागत नाही. मृगाच्या पहिल्या पावसावर पाच एकर पेरले. पाऊस दडी मारून बसला. दोन एकरांतली पऱ्हाटी तग धरून आहे, तीन एकरांतले रान करपत चालले आहे. विहिरीत पाणी आहे ते दोन एकरांपुरते. पाचही एकरांत तेच पाणी फिरवले तर पाचही एकर जातील. शहाणा माणूस मन घट्ट करून तीन एकरांकडे पाठ फिरवतो आणि दोन एकर वाचवतो. त्याला कोणी भित्रा म्हणत नाही. पुढच्या हंगामाला बियाणे घ्यायला त्याच दोन एकरांतला कापूस कामी येतो.

या मापाने मोजले तर डॉक्टरांचा निर्णय बरोबर ठरतो. पुढे काय झाले ते पाहा. ४ मार्चला टेक्सासमध्ये एकाच दिवशी दोन्ही मतदाने झाली. राष्ट्राध्यक्षपदासाठी त्यांना राज्यभरात सुमारे ५ टक्के मते पडली. खासदारकीच्या तिकिटासाठी मात्र त्यांच्या मतदारसंघात सुमारे ७० टक्के पडली. एकच माणूस, एकच पक्ष, एकच दिवस. जिथे माणसे ओळखीची आणि वर्षानुवर्षे काम केलेले, तिथे ७० टक्के. जिथे नुसते नाव आणि फलक, तिथे ५ टक्के. पैसा ओतून हे अंतर महिनाभरात भरून निघाले असते, असे म्हणणाऱ्याने आकाशातले ते विमान आठवावे.

कचेरी लहान केल्याने मते आटली, असेही झाले नाही. एप्रिलमध्ये पेनसिल्व्हेनियात त्यांना सुमारे १६ टक्के मते मिळाली. मे महिन्यात आयडाहो राज्यात सुमारे २४ टक्के. मॅकेन यांची उमेदवारी तोवर पक्की झाली होती आणि समोरचे बाकीचे उमेदवार निघून गेले होते, हेही त्याचे एक कारण. पण एवढे खरे की ज्याला आपले मत नोंदवायचे होते त्याला नोंदवता आले. १२ जूनला डॉक्टरांनी मोहीम रीतसर संपवली आणि 'कॅम्पेन फॉर लिबर्टी' नावाची संघटना काढली. चार वर्षांनी ते पुन्हा उभे राहिले तेव्हा आयोवात १० चे २१ टक्के झाले आणि न्यू हॅम्पशायरमध्ये ८ चे २३ टक्के. मध्ये २०१० साली त्यांचा मुलगा रँड पॉल केंटकी राज्यातून सिनेटवर निवडून गेला. वाचवलेल्या दोन एकरांचे हे पीक.

मग पहिला तट सगळाच चुकला का? नाही. आणि इथेच आमचे दुसऱ्या तटाशी पटत नाही.

शेतातले पाच एकर एकट्याच्या मालकीचे असतात. चळवळीचे रान सामाईक असते. सामाईक रानातले तीन एकर सोडायचे तर बाकीच्या भावांना आधी बोलवावे लागते, विहिरीत काठी टाकून पाणी दाखवावे लागते. ज्याने बियाण्याला पैसे दिले, ज्याने रात्री राखण केली, त्याला सकाळी धुऱ्यावर आल्यावर परक्याच्या तोंडून कळले की रान सोडले, तर तो उद्या दुसऱ्याच्या वखराला बैल जुंपणार नाही. पीक गेल्याचे दुःख तो विसरेल. न विचारल्याचे विसरणार नाही.

२०१२ साली हेच घडले. १४ मे रोजी डॉक्टरांनी निवेदन काढले की ज्या राज्यांचे मतदान अजून झालेले नाही तिथे आपण यापुढे पैसा खर्च करणार नाही, तेवढा पैसा आपल्याकडे नाही. मात्र राज्याराज्यांच्या अधिवेशनांत जाऊन प्रतिनिधी निवडून आणण्याचे काम चालूच राहील. हे दुसरे वाक्य महत्त्वाचे होते. पण बातमी फुटली ती पहिल्या वाक्याची. सगळीकडे झाले की रॉन पॉल यांनी मैदान सोडले. दुसऱ्या दिवशी त्यांच्या माणसांना खुलासा करत बसावे लागला की सोडलेले नाही. आणि ज्या कार्यकर्त्यांच्या जिवावर पुढचे काम व्हायचे होते, ते त्या घडीला आपापल्या राज्याच्या अधिवेशनाची तयारी करत होते. निर्णय हिशेबाचा होता. सांगण्याची रीत मात्र अशी की आपल्याच बैलाच्या डोळ्यांत माती गेली.

तरी ते कार्यकर्ते नेटाने उभे राहिले, हे त्यांचे मोठेपण. पाच-पाच, सहा-सहा तास सभागृहात बसून, नियमांची पुस्तके वाचून त्यांनी मिनेसोटा, आयोवा यांसारख्या राज्यांत बहुतेक प्रतिनिधी आपले निवडून आणले. मेन आणि नेवाडात ते काम आधीच झाले होते. ऑगस्टमध्ये टाम्पा शहरात पक्षाचे अधिवेशन भरले तेव्हा वरच्या पुढाऱ्यांनी मेन राज्याच्या त्यांच्या प्रतिनिधींपैकी काहींना बाहेर काढले आणि पुढच्यासाठी नियमही बदलले. तरी १९० प्रतिनिधींनी डॉक्टरांचे नाव घेतले. खालून पेरत गेलेल्या माणसांना वरून कुंपण घालणे, ही रीत सगळ्या देशांतल्या पुढाऱ्यांना पाठ आहे. त्याच वर्षी २५ जुलैला मध्यवर्ती बँकेच्या हिशेबतपासणीचे त्यांचे विधेयक खालच्या सभागृहात ३२७ विरुद्ध ९८ मतांनी मंजूर झाले. सिनेटमध्ये ते अडले. पण एकट्याने 'नाही' म्हणणाऱ्या माणसाच्या मागे ३२७ हात उभे राहिले, हे निवडणूक न जिंकता झाले.

डॉक्टरांना देव्हाऱ्यात बसवावे असे आमचे म्हणणे नाही. त्यांच्या नावाने पूर्वी निघणाऱ्या वार्तापत्रांत काळ्या लोकांविषयी विखारी मजकूर छापला गेला होता. जानेवारी २००८ मध्ये तो पुन्हा उजेडात आला. आपण तो लिहिला नाही, पण लक्ष दिले नाही याची नैतिक जबाबदारी आपली, असे ते म्हणाले. आमच्यासारख्या वार्तापत्र काढणाऱ्यांनी हा धडा भिंतीवर लिहून ठेवावा. आणि मते का कमी पडली याची कारणे शोधताना सगळा दोष प्रचार आवरण्यावर टाकणाऱ्यांनीही तो वाचावा. पेरणी आधीच खुडकी निघालेली असली तर शेवटच्या पाण्याला दोष देऊन काय उपयोग?

हे सगळे लिहायचे कारण आमच्या मनात एक जुने शल्य आहे. काही वर्षांपूर्वी आमच्या तालुक्यात एका निवडणुकीत आपल्या विचाराचा एक उमेदवार उभा होता. आम्ही ज्वारीची कापणी मागे टाकून गावोगाव फिरलो. बायाबापड्यांनी कमरेच्या पिशवीतल्या दहा-दहाच्या नोटा काढून दिल्या. मतदानाला चार दिवस राहिले आणि उमेदवार दिसेनासा झाला. जीप बंद, कचेरीला कुलूप. तो बसला, हे आम्हाला समोरच्यांच्या भोंग्यावरून कळले. पैसे संपले होते, का प्रकृती बिघडली होती, का आणखी काही, ते आजवर त्याने सांगितले नाही. कदाचित कारण खरेच मोठे असेल. पण त्यानंतर दोन वर्षे त्या गावांत आम्हाला चहासुद्धा कोणी विचारला नाही. म्हातारी माणसे एवढेच म्हणायची, "पोरांनो, पैशाचे काही नाही. पण सांगायला तरी यायचे होते."

आपल्या भाषेत या तीन गोष्टींना तीन वेगळे शब्द आहेत. माघार घेणे म्हणजे उघडपणे मैदान सोडणे. त्यात कमीपणा असेल, पण फसवणूक नाही. बसणे म्हणजे नाव मतपत्रिकेवर ठेवून आतून लढाई सोडणे. त्यात कार्यकर्त्याचा विश्वासघात आहे. आणि आवरते घेणे म्हणजे जे वाचू शकते त्यावर बळ लावण्यासाठी जे वाचणार नाही ते सोडणे. हे शहाणपण आहे. बाहेरून पाहणाऱ्याला तिन्ही सारखेच दिसतात, कारण तिन्हींत जीप थांबलेली असते. फरक कळतो तो एकाच गोष्टीने. नेता लोकांसमोर येऊन सांगतो की नाही.

म्हणून येत्या जिल्हा बैठकीत आम्ही तीन गोष्टी मांडणार आहोत. त्यांवर भांडायला या.

पहिली गोष्ट. उमेदवार उभा करण्याआधीच ठरवायचे की काय दिसले तर आवरते घ्यायचे आणि काय वाचवायचे. पाऊस गेल्यावर बांध घालण्यात अर्थ नाही. आपले दोन एकर कोणते, एखादी बाजार समिती, एखादी ग्रामपंचायत का पुढचे आंदोलन, हे पेरणीआधी ठरले पाहिजे.

दुसरी गोष्ट. आवरते घ्यायचा निर्णय झाला तर तो गावच्या शाखेला आधी आणि बाहेर नंतर कळला पाहिजे. आणि सांगताना 'काय थांबवले' याच्या आधी 'काय चालू आहे' ते सांगायचे. २०१२ च्या त्या निवेदनात वाक्यांचा क्रम उलटा असता, तर कार्यकर्त्यांचा एक दिवस खुलाशात गेला नसता.

तिसरी गोष्ट. उरलेल्या वर्गणीचा हिशेब महिन्याच्या आत शाखेच्या फळ्यावर. ज्या कामाला पैसे दिले ते काम थांबले तर शिल्लक कुठे वापरायची, हे देणाऱ्यांना विचारून ठरवायचे. दहा रुपये देणाऱ्या बाईलाही तो हिशेब विचारण्याचा हक्क आहे. खरे तर तिलाच पहिला.

पहिल्या तटातल्या भावांना एक विनंती. नेता शेवटच्या मतापर्यंत लढला नाही म्हणून तो विकला गेला, असे लगेच म्हणू नका. विहिरीत पाणी किती आहे ते आधी वाकून पाहा. आणि दुसऱ्या तटातल्या हिशेबी भावांनाही एक विनंती. गणित बरोबर आहे एवढ्याने माणसे बरोबर राहत नाहीत. ज्याने रात्रीची राखण केली त्याला तीन एकर सोडल्याचे सकाळी तुम्ही स्वतः जाऊन सांगा.

पुढच्या मृगाला बियाणे त्याच्याकडूनच मागायचे आहे.